खाजनात खारं पाणी, आणि एक माणूस म्हणतो ‘क्लायमेट फंड’ मिळवून देतो, काय करू?

पत्र थोडक्यात असं आहे:

"काकी, मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यातली, आमचं गाव चापोरा नदीच्या काठावर. बाबा गेल्यापासून शेत मीच बघते. खाजनात, म्हणजे नदीकाठच्या बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतात, दोन कुणगे (शेताचे तुकडे) आहेत, ज्योती भात लावायचो. दोन वर्षांपूर्वी बांधाला भगदाड पडलं आणि तेव्हापासून खारं पाणी आत येतंय, अर्धं शेत हिरवं होतच नाही. त्यात 2025 ला मे महिन्यातच पाऊस कोसळला, नांगरणीच राहिली, आणि कापणीच्या वेळी परत पाऊस, कापलेलं भात शेतातच भिजलं. आमच्या बचत गटातल्या बहुतेक बायकांची शेतं तिथेच आहेत. कृषी खात्याच्या प्रशिक्षणाला गेलो होतो, जेवण आणि सर्टिफिकेट मिळालं पण आमच्या शेतात काय करायचं ते काही कळलं नाही. आता एक माणूस येतोय, म्हणतो हवामान बदलासाठी परदेशातून फंड येतो, तुमच्या गटाला 25 लाख मिळवून देतो, प्रोजेक्ट रिपोर्टचे 25 हजार आधी भरा. गटात दोन मतं झालीयत. दादा पुण्याहून म्हणतो विकून टाक नाहीतर पडीक ठेव. एक-चौदावर (जमिनीच्या उताऱ्यावर) अजून आजोबांचंच नाव आहे. कुठून सुरुवात करू? आणि परत प्रशिक्षणाला बोलावलंय, जाऊ का?"

बाय, सगळ्यात आधी ते 25 हजार. देऊ नका. गटातल्या ज्या बायका "देऊन तर बघूया" म्हणतायत त्यांना हे वाचून दाखव, कारण त्यांना लोभ सुटलाय असं मला अजिबात वाटत नाही, दोन वर्षं पीक गेल्यावर कोणीही आशेला लागतं आणि असली माणसं नेमकी अशाच वेळी दारात येतात.

फंड खोटा नाही, तो खरंच आहे, पण त्याची वाट वेगळी आहे. केंद्र सरकारचा हवामान बदल अनुकूलनासाठीचा राष्ट्रीय निधी 2015 ला सुरू झाला, तो नाबार्डमार्फत चालायचा आणि त्यासाठी प्रस्ताव राज्य सरकारची खाती करायची, तो राज्याच्या समितीतून पुढे दिल्लीला पर्यावरण मंत्रालयाकडे जायचा. त्यात बचत गटाने अर्ज करायचा कॉलमच नव्हता. परदेशातला मोठा म्हणजे ग्रीन क्लायमेट फंड, त्याचे पैसेही मान्यता मिळालेल्या संस्थेमार्फतच येतात, आपल्याकडे नाबार्ड, सिडबी अशा. तो माणूस बहुतेक सिंधुदुर्गाचं उदाहरण देत असेल, तिथे बायकांच्या गटांना खेकडापालन, कालवं यासाठी मदत झाली म्हणून. झालीय, खरं आहे. पण तो महाराष्ट्र, आंध्र आणि ओडिशा या तीन राज्यांच्या किनाऱ्यासाठीचा 2019 पासूनचा प्रकल्प, राज्य सरकार आणि युएनडीपी (संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम) यांच्या हातातून चाललेला, आणि गटांपर्यंत तो सरकारी यंत्रणेनेच नेला, त्यासाठी कुणाला आगाऊ रिपोर्टचे पैसे मोजायची गरज नव्हती. तेरेखोल नदी ओलांडली की राज्य बदलतं, प्रकल्प आपल्याकडे आपोआप येत नाही. त्या माणसाला एवढंच विचार, प्रस्ताव कुठल्या खात्यामार्फत जाणार आणि त्या खात्याचं पत्र दाखवा. पत्र असेल तर मला कळव, नसेल तर विषय तिथेच संपला.

आता तुझ्या खऱ्या दुखण्याकडे येऊया, आणि ते बी-बियाण्याचं नाही, बांधाचं आहे. बांध दुरुस्त होत नाही तोवर तू कितीही चांगलं बी आण, कितीही खत घाल, पैसा नदीत जाणार. हे मी इतकं ठासून सांगते कारण प्रशिक्षणात आणि योजनांच्या पत्रकात बी, खत, पंप, यंत्र असंच सगळं एकेका शेतकऱ्याला मिळणारं असतं आणि खाजन हे एकेकट्याने करायचं शेतच नव्हे. एकाचा बांध फुटला की सगळ्यांचं शेत खारं.

पहिलं काम, अमावास्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाला, भरती पूर्ण चढायच्या वेळी दोघी-तिघी मिळून बांधावर जा आणि नीट बघा पाणी नेमकं कुठून येतंय. तुला वाटतंय भगदाडातून, असेलही, पण पुष्कळ ठिकाणी भगदाडापेक्षा मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या वाटेच्या, दारातून जास्त पाणी आत येतं. मानशीचं दार चांगलं असलं तर भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने आपोआप बंद होतं आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर ढकलून उघडतं, बस्स इतकी साधी आणि इतकी हुशार रचना आहे ती. पण दार कुजलेलं असलं, चौकटीत दगड अडकला असला, किंवा कोणी मुद्दाम दोरीने बांधून उघडं ठेवलं असलं तर भरतीचं सगळं पाणी आत. आणि तिसरी जागा म्हणजे बांधाच्या पोटातली खेकड्यांची भोकं, वरून बांध धडधाकट दिसतो आणि आतल्या बाजूने पाणी झिरपत असतं. तिन्हीचे मोबाईलवर फोटो, व्हिडिओ काढ, लोकेशन चालू ठेवून, तारीख दिसेल असे.

मुद्दाम उघडं ठेवलं म्हटलं ते का, तर तुलाही माहीत असेल, मानशीवर मासे धरायच्या हक्काची पावणी (लिलाव) होते आणि पावणी घेणाऱ्याला खारं पाणी आत आलेलं हवं असतं, कारण पाण्याबरोबर मासळी येते. मासे धरणाऱ्याचं पोटही त्यावर आहे हे मान्य, पण पावणीचे पैसे मुळात बांध-मानशीच्या डागडुजीसाठी असतात, आणि भात उभं असताना भरतीचं पाणी आत घ्यायचं नाही ही अट पावणीच्या कागदात लिहिलेली हवी. तुमच्या खाजनाची पावणी कितीला गेली, पैसे कुठे जमा झाले, बांधावर किती खर्च झाला, हे विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे.

विचारायचं कुणाला? टेनंट असोसिएशनला. 1964 च्या कूळ कायद्याखाली आणि त्याच्या 1975 च्या नियमांप्रमाणे बांध राखणं ही सगळ्या कुळांची सामाईक जबाबदारी आणि त्यासाठीच ही असोसिएशन असते, देखरेख मामलेदाराची. तुमच्या भागात ती जिवंत आहे का हे आधी बघ. पुष्कळ गावांत चेअरमन म्हातारे झालेत, कमिटीची मिटींग वर्षानुवर्षं नाही, बायकांना तर कधी बोलावलेलंच नाही. तसं असेल तर मामलेदाराकडे लेखी अर्ज द्या, सर्वसाधारण सभा बोलवा आणि नवीन कमिटी निवडा म्हणून, सह्या जितक्या जास्त तितक्या बऱ्या. हिशेब कोणी दाखवत नसेल तर मामलेदार कार्यालयात माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाका. आणि कमिटीत तुमच्या गटातल्या निदान दोघी तरी उभ्या राहा. घाबरू नका, चिखलात उतरून लावणी कोण करतं हे सगळ्या गावाला माहीत आहे.

मग बांधाच्या दुरुस्तीचा अर्ज असोसिएशनच्या नावाने कृषी संचालनालयाच्या मृदसंधारण विभागाकडे, प्रत विभागीय कृषी अधिकाऱ्याला, एक पंचायतीला आणि एक आमदाराला. खाजनाचे संरक्षक बांध हे त्या विभागाचंच काम आहे. अर्जात "बांध खराब झालाय, दुरुस्त करावा" एवढंच लिहिलंत तर फाईल बसून राहील. भगदाड किती मीटर लांब, कुठल्या सर्व्हे नंबरला लागून, मानशीला किती दारं आणि त्यातली किती कुजलेली, आत किती शेत आणि किती कुटुंबं, किती वर्षं पीक गेलं, असं लिहा, फोटो जोडा, आणि जागेवर येऊन पाहणी करून एस्टिमेट करा अशी स्पष्ट मागणी करा. आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. हे दिवाळीनंतर लगेच करायला हवं, कारण बांधाचं काम पावसाळा सोडूनच होतं आणि मार्चमध्ये अर्ज दिला तर एस्टिमेट, टेंडर होईपर्यंत मे उजाडतो, आणि मे वर आता भरवसा ठेवता येत नाही हे 2025 ने दाखवलं, मान्सून मेच्या अखेरीसच दारात होता.

एक गोष्ट सांभाळा. बांधाच्या बाहेरच्या अंगाला खारफुटी असेल तर तिला हात लावू नका, लाटेचा मार तीच खाते, बांध टिकतो तो तिच्यामुळे. आणि हेच दादाच्या "पडीक ठेव" ला माझं उत्तर आहे. खारं पाणी शिरलेलं खाजन पडीक टाकलं की काही वर्षांत आतच खारफुटी उगवते, आणि एकदा ती उभी राहिली की वनखात्याच्या परवानगीशिवाय काढता येत नाही, म्हणजे शेत कायमचं गेलं असंच समज. विकायचं म्हणशील तर 2023 च्या कायद्यापासून भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्या माणसाला विकता येत नाही, त्यामुळे दादाला जो भाव कोणीतरी सांगत असेल त्यामागे काय आहे ते नीट तपासा. मी दादाला दोष देत नाही, लांबून बघणाऱ्याला फक्त तोटा दिसतो.

आता बी. बांध होईपर्यंत एक-दोन हंगाम जातील, तोवर ज्योती खाजनातून बंद कर असं माझं स्पष्ट मत. ज्योती चवीला, भावाला चांगली पण खारटपणा सोसायची तिची ताकद नाही. आपल्या आज्या खाजनात कोरगुट लावायच्या ते उगीच नाही, उतारा कमी पण खारं पाणीही सोसतं आणि चार दिवस बुडून राहिलं तरी उठतं. जुन्या गोव्याच्या आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) संस्थेने या कोरगुटातूनच निवडून गोवा धान 1 आणि गोवा धान 2 अशी वाणं काढलीयत, नंतर आणखीही आली, खाऱ्या जमिनीसाठीच. तिथेच उत्तर गोव्याचं कृषी विज्ञान केंद्र आहे. बी थोडंच मिळेल, चालेल, एका कोपऱ्यात लावून बघा आणि पुढच्या वर्षासाठी तुमच्याच शेतातलं राखा.

त्याआधी मातीचा नमुना द्या, आणि एकदा नाही दोनदा, एकदा पावसाआधी आणि एकदा जूनच्या पावसाने शेत धुऊन निघाल्यावर. प्रत्येक कुणग्यातून पाच-सहा जागची वीतभर खोलीपर्यंतची माती काढून मिसळायची आणि त्यातली अर्धा किलो द्यायची. रिपोर्टमध्ये एन, पी, के च्या आधी ई.सी. बघ, तो खारटपणाचा आकडा. 4 च्या वर असेल तर जमीन खारी, भाताला 3 च्या पुढेच त्रास सुरू होतो. दोन रिपोर्टमधला फरक बघितलास की कळेल पावसाने तुमचं शेत किती धुतलं जातं. शेतात पावसाचं गोडं पाणी साठवून ओहोटीला मानशीतून बाहेर सोडायचं, परत साठवायचं, परत सोडायचं, हाच आपल्या खाजनाचा खरा उपाय आणि त्याला पैसे पडत नाहीत, पण मानस चालू हवी. कोणी दुकानदार जिप्सम टाका म्हणाला तर रिपोर्ट बघितल्याशिवाय घेऊ नका, जिप्सम सोडियमने बिघडलेल्या जमिनीवरचं औषध आहे, नुसतं मीठ साचलं असेल तर ते गोड्या पाण्यानेच धुवावं लागतं.

आणि तरवा (लावणीसाठीची रोपं) खाजनात टाकू नका, वर मोरडीत, म्हणजे उंचवट्यावरच्या शेतात, जागा मिळाली तर तिथे टाका, खारटपणाला भात सगळ्यात नाजूक असतं ते रोपटं असताना आणि फुलोऱ्यात. रोप जरा जून, महिन्याभराचं करून लावलं आणि एका ठिकाणी तीन-चार काड्या लावल्या तर जगण्याची शक्यता बरीच वाढते.

कागदांचं म्हणशील तर इथे तुला आळस करून चालणार नाही. एक-चौदावर आजोबा आहेत, कूळ म्हणून आहेत की मालक म्हणून ते बघ. 1976 च्या दुरुस्तीने कुळं मालक धरली गेली पण सनद (मालकीचा दाखला) घेतली नसेल तर काम अर्धं राहिलेलं असतं. मामलेदार कार्यालयात सनदेचं विचार, वारसांचा प्रश्न असेल तर इन्व्हेंटरी (कोर्टातून वारसांमधली वाटणी) करून मग म्युटेशन (उताऱ्यावर नाव बदलणं). वेळ लागेल, वर्षंही लागतील, म्हणून आजच सुरू कर पण त्यावर सगळं अडवून बसू नकोस. दरम्यान विभागीय कृषी कार्यालयात जाऊन कृषी कार्डाचं विचार, सामाईक नाव असेल तर बाकीच्यांची संमती कशी जोडायची तेही तिथेच कळेल. राज्याच्या बहुतेक अनुदानांची सुरुवात त्या कार्डापासून होते. दादाला सांग, विकायचा सल्ला देण्यापेक्षा संमतीपत्रावर सही करून पाठव.

भिजलेल्या भाताचं वाईट वाटलं. पुढे असं झालं तर शेतातून भात उचलायच्या आधी फोटो, आणि त्याच दिवशी विभागीय कृषी कार्यालयात लेखी कळवायचं, शेतकरी आधार निधीतून नैसर्गिक आपत्तीत नुकसानभरपाई मिळते पण पंचनामा व्हायला पुरावा जागेवर लागतो. पीक विमाही बघ, खरीप भाताला शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या 2 टक्के असतो आणि कापून शेतात सुकत ठेवलेल्या पिकालाही 14 दिवसांपर्यंत संरक्षण आहे, फक्त नुकसान झाल्यापासून 72 तासांत कळवावं लागतं. तुमचं गाव आणि पीक त्या हंगामात अधिसूचित आहे का, शेवटची तारीख कुठली, हे लावणीच्या दिवसांतच विचारून ठेव. आणि गटात एकीने तरी मेघदूत ॲप घ्या, मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानाचा कृषी सल्ला येतो, कापायचं की दोन दिवस थांबायचं हे ठरवायला तो खरंच उपयोगी पडतो.

गटासाठी पैसा हवा असेल तर तो जवळ आहे. ग्रामीण जीवनोन्नती अभियानात तुमचा गट नोंदलेला असेल तर फिरता निधी, बँकेचं कर्ज त्यातूनच, नसेल तर बीडीओ ऑफिसात आधी ते करा. जमिनीचे कागद नसलेल्या बायकांनी चार ते दहा जणींचा संयुक्त दायित्व गट केला तर एकमेकींच्या हमीवर बँक पीककर्ज देऊ शकते. किसान क्रेडिट कार्डावर 3 लाखांपर्यंत 7 टक्के व्याज आणि वेळेत फेडलं तर 4 च पडतं, म्हणून सावकार किंवा सोनं गहाण ठेवायच्या आधी तिथे जा. आणि माझी एक मनापासूनची इच्छा आहे, तुम्ही भात विकू नका, उकडे तांदूळ विका. खाजनातल्या कोरगुटाच्या उकड्यांना पणजी-म्हापशात गिऱ्हाईक आहे, लोक विचारत फिरतात आणि मिळत नाही. उकडायची मोठी भांडी, सुकवायची ताडपत्री, छोटी गिरण यासाठी सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख अनुदान आणि गटातल्या दर सभासदामागे 40 हजारांपर्यंत बीज भांडवल अशी तरतूद आहे, मुदत चालू आहे का ते आधी विचारा. पण हे बांधानंतर, भातच नसेल तर उकडणार काय.

राहिलं प्रशिक्षण. जा, नक्की जा, आणि एकटी जाऊ नकोस. मागच्या वेळी तुम्ही ऐकायला गेलात, आता विचारायला जा. मातीचा रिपोर्ट, बांधाचे फोटो, आवक नंबर असलेला अर्ज बरोबर ठेव, आणि भाषण संपून जेवणाची गडबड व्हायच्या आधी उभी राहून सगळ्यांसमोर विचार: आमच्या खाजनाचा ई.सी. इतका आहे, आम्हाला कुठलं वाण, बी कुठून आणि किती किलो, आणि तुमच्यापैकी कोण, कुठल्या तारखेला शेतावर येणार? अधिकारी लोकांना बरेचदा शेतावर यायचं असतं, पण नेमकं कुठे आणि कशासाठी हे त्यांना कोणी सांगत नाही. प्रात्यक्षिकासाठी तुमचा एक कुणगा द्यायची तयारी दाखव, कृषी विज्ञान केंद्राला अशा जागा हव्याच असतात आणि बी, शास्त्रज्ञ दोन्ही तुमच्या बांधावर येतात. मध्ये काही अडलं तर किसान कॉल सेंटरला 1800-180-1551 वर मराठीत बोलता येतं, सकाळी 6 ते रात्री 10.

एस्टिमेटसाठी कोण आलं, काय म्हणालं, ते कळव. दोन महिन्यांत कोणी आलं नाही तर आवक नंबर मला पाठव, पुढचा अर्ज कसा लिहायचा ते सांगते.

— काकी